रिकाम्या खुर्चीचा हिशेब



कचेरी म्हटली कीं हजेरीपट आला, आणि हजेरीपट आला कीं त्यांतल्या कोऱ्या चौकटीहि आल्या. एखादा सहकारी तापानें अंथरुणास खिळला, तर त्याच्या वांट्याचें काम इतर माणसें बहुधा कुरकुर न करतां उचलतात. आज त्याच्यावर आलें, उद्यां आपल्यावर येईल, हा हिशेब प्रत्येकाच्या मनांत न बोलतांच झालेला असतो. परंतु तोच सहकारी चार महिन्यांत तीन वेळां दहा-दहा दिवस घरीं राहिला. तो स्वतः आजारी नव्हता. जी लस घेतल्यानें हें घरीं राहणें टळलें असतें ती त्यानें घेतली नव्हती. आणि ही गोष्ट साऱ्या कचेरीस ठाऊक होती, असें झालें म्हणजे तो जुना हिशेब मोडतो. चहाच्या वेळीं आवाज खालीं येतात. कोणी त्याच्या रजेचे दिवस बोटांवर मोजूं लागतो. "अहो, त्यांचें मत त्यांच्यापाशीं, पण त्यांचें टपाल माझ्या टेबलावर कां?" असें कोणीतरी विचारतो, आणि ह्या प्रश्नाचें उत्तर देणें वाटतें तितकें सोपें नाहीं.

२०२१ च्या उत्तरार्धांत आणि २०२२ च्या आरंभीं, कोव्हिडच्या सांथींत, हा प्रश्न अनेक देशांतल्या दुकानांत, कारखान्यांत व शुश्रूषागृहांत विचारला गेला. ती सांथ ओसरली आणि तिच्याबरोबर ते नियमहि गेले. तरी प्रश्न मिटलेला नाहीं. गोंवरासारख्या रोगांच्या बाबतींत रुग्णालयांतून तो आजहि उद्भवतो. म्हणून आतां, डोकीं थंड झालीं असतांना, त्याची उकल करून पाहावी असा आजच्या भाषणाचा हेतु आहे. मी प्रथम इंग्लंडचें उदाहरण घेणार आहें. कारण तेथें ह्या बाबतींतला नियम लेखी होता, त्याचा आरंभ व शेवट ह्या दोहोंच्या तारखा ठाऊक आहेत, आणि त्याचा पगारावर झालेला परिणाम मालकांनीं उघडपणें जाहीर केला होता. त्यानंतर आपण आपल्या मुंबईकडे वळूं. लस घ्यावी कीं न घ्यावी हा मात्र आजचा विषय नव्हे. ती घ्यावी, असें माझें स्वच्छ मत आहे. तें एकदां सांगून टाकलें म्हणजे पुढें बोलण्यास मी मोकळा झालों.

गैरहजेरी हा एकच शब्द आपण तीन अगदीं निराळ्या गोष्टींना लावतों. पहिली आजाराची: मनुष्य स्वतः रोगानें पडलेला आहे, त्याच्यानें काम होत नाहीं. दुसरी संपर्काची: मनुष्य धडधाकट आहे, पण तो रोग्याजवळ वावरला, म्हणून आरोग्यखात्याच्या हुकुमानें त्याला घरीं बसावें लागलें. तिसरी बंद दाराची: मनुष्य निरोगी आहे, रोग्याजवळ गेलेलाहि नाहीं, परंतु त्याच्यापाशीं लशीचा दाखला नाहीं म्हणून आगगाडींत, कारखान्यांत किंवा कचेरींत त्याला पाऊल ठेवूं देत नाहींत. पहिली गैरहजेरी रोग घडवितो. दुसरी व तिसरी नियम घडवितो. सहकाऱ्यांस मात्र तिन्ही वेळीं एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे रिकामी खुर्ची. ह्या विषयावरील निम्मी भांडणें हे तीन प्रकार एकाच पोत्यांत भरल्यानें होतात, असें माझें मत आहे.

इंग्लंडमध्यें १६ ऑगस्ट २०२१ पर्यंत दुसऱ्या प्रकारांत लस घेतलेला व न घेतलेला असा भेदच नव्हता. रोग्याशीं निकट संपर्क आला कीं सर्वांनींच दहा दिवस घरीं राहावयाचें. जुलै २०२१ मध्यें तर मोबाइलवरील सरकारी अ‍ॅपवरून घरीं राहण्याच्या सल्ल्याच्या सूचना एकेका आठवड्यांत सहा लाखांहून अधिक गेल्या. कामगारांवांचून दुकानें व गुदामें अडून बसलीं. लोक चरफडले, पण ती चरफड सांथीवर होती, सरकारवर होती, शेजारच्या टेबलावर ती नव्हती. नंतर नियम बदलला. ज्यांनीं लशीचे दोन्ही डोस घेऊन चौदा दिवस लोटले होते, त्यांना संपर्कानंतर घरीं बसण्याची सक्ती उरली नाहीं. लहान मुलांना, आणि वैद्यकीय कारणास्तव लस घेणें ज्यांना शक्य नव्हतें अशा प्रौढांनाहि, सूट मिळाली. बाकीच्यांस पूर्वीचेच दहा दिवस राहिले. मोडल्यास दंड १००० पौंडांपासून १०,००० पौंडांपर्यंत. मालकानें जाणूनबुजून अशा मनुष्यास कामावर बोलाविलें तर तोहि दंडास पात्र. म्हणजे त्या दिवसापासून एकाच खोलींत बसणारे दोघे, एकाच रोग्याजवळ तितकाच वेळ वावरलेले, पण एक दुसऱ्या दिवशीं कामावर हजर आणि दुसरा दीड आठवडा घरीं, असें दृश्य कायद्यानेंच निर्माण केलें.

हा भेद लहरीनें केलेला नव्हता. त्या वेळीं डेल्टा नांवाचा विषाणूचा प्रकार पसरला होता, आणि इंग्लंडांतल्याच पाहणीवरून असें दिसून आलें होतें कीं, लक्षणें दिसण्याजोग्या आजारापासून फायझरच्या दोन डोसांनीं सुमारें ८८ टक्के, तर ऑक्सफर्डच्या लशीच्या दोन डोसांनीं सुमारें ६७ टक्के संरक्षण मिळतें. लस घेतलेला मनुष्य संपर्कानंतर आजारी पडण्याचा संभव बराच कमी. मग त्याला उगाच कां कोंडावें? युक्तिवाद सरळ होता, आणि त्या महिन्यांपुरता तो खराहि होता.

आतां सहकाऱ्यांची बाजू पाहूं. ती मला खोटी वाटत नाहीं. सात माणसांच्या कामाची वांटणी सहांत झाली म्हणजे प्रत्येकाच्या दिवसाला दीड तासाच्या आसपास काम चिकटतें. वृद्धांच्या शुश्रूषागृहांत तर काम उद्यांवर ढकलतां येत नाहीं. म्हाताऱ्या माणसाला अंघोळ घालावयाची ती आजच घालावी लागते, आणि ती घालणारी बाई आली नाहीं तर दुसरीला रात्रपाळीवरून थेट दिवसपाळीवर राहावें लागतें. शिवाय ज्याच्या घरीं वृद्ध आई आहे, किंवा जो स्वतः कर्करोगावर उपचार घेत आहे, त्याला लस न घेतलेल्या सहकाऱ्याजवळ बसण्याची धास्ती वाटली तर ती कोणीं हंसण्यावारी नेऊं नये. त्या धास्तीला आधार होता.

पण त्याच खोलींतील दुसरी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. संपर्क हा मनुष्य हौसेनें करीत नसतो. सप्टेंबर २०२१ मध्यें इंग्लंडांतल्या शाळा भरल्या, आणि बारा वर्षांखालील मुलांसाठीं लस तेव्हां नव्हती. ज्या बाईचीं दोन मुलें प्राथमिक शाळेंत जातात ती एकट्या राहणाऱ्या गृहस्थापेक्षां कितीतरी वेळां संपर्कांत येणार, हें उघड आहे. एक मूल आजारी पडलें, दहा दिवस. महिन्यानें दुसरें पडलें, पुन्हां दहा दिवस. हजेरीपटावर हें वारंवार गैरहजर राहणें दिसतें. घरीं तें आईपण असतें. त्याच कचेरींत लस न घेतलेला एखादा अविवाहित गृहस्थ एक दिवसहि गैरहजर नसेल, आणि त्याच्याविषयीं कोणी चकार शब्द काढीत नसेल. म्हणजे राग लस न घेतल्याचा आहे असें आपण म्हणतों, पण तो पडतो मुलाबाळांच्या घरावर.

आणखी असें कीं, ज्याचें काम घरून होण्यासारखें होतें त्याचें विलगीकरण कोणाच्या लक्षांतहि आलें नाहीं. हिशेबनीस आपल्या स्वयंपाकघरांतल्या टेबलावर बसून आंकडे जुळवीत राहिला. तो गैरहजर ठरलाच नाहीं. दुकानांत फळ्या लावणारा, गाडी हांकणारा, रोग्याला उठवून बसविणारी, ह्यांचीच खुर्ची रिकामी दिसली; त्यांच्यांतील बहुतेकांस तर खुर्चीहि नसते. एकच मत, एकच नियम. पण त्याचा बोभाटा कमी पगाराच्या कामांतच अधिक झाला.

मग हा राग जावा कोणाकडे? येथें मी थोडें स्पष्ट बोलतों. सात माणसांच्या कामाला सातच माणसें ठेवणारा मालक सांथीच्या काळांत काटकसर करीत नसतो. तो आपल्या धंद्यांतला धोका नोकरांच्या पाठीवर टाकीत असतो. कोणीतरी आजारी पडणार, कोणीतरी संपर्कांत येणार, हें त्याला अगोदरच ठाऊक असतें. बदली मनुष्य नेमण्याचा खर्च त्यानें वांचविला, आणि त्या बचतीचा जाच सहा जणांस झाला. परंतु सहा जणांचीं बोटें वळलीं सातव्याकडे. मालकाला हें सोयीचेंच आहे. सातव्याचें मत चुकीचें असूं शकेल, माझ्या मतें तें चुकीचें होतेंच, पण बदली मनुष्य न मिळणें हें कांहीं त्याच्या मताचें फळ नव्हे.

आतां पगाराकडे येतों, कारण खरी कसोटी तेथेंच लागली. जानेवारी २०२२ मध्यें इंग्लंडांतील कांहीं मोठ्या पेढ्यांचे नियम वृत्तपत्रांतून गाजले. आयकिया ह्या लाकूडसामानाच्या दुकानानें असें ठरविलें होतें कीं, सबळ कारणावांचून लस न घेतलेला नोकर केवळ संपर्कामुळें घरीं बसला, तर त्याला पेढीचा नेहमींचा पगार न देतां फक्त कायद्यानें ठरलेला किमान आजारभत्ता द्यावयाचा. हा भत्ता त्या वर्षीं आठवड्यास ९६ पौंड ३५ पेन्स होता. म्हणजे त्या दुकानांतल्या साध्या नोकराच्या आठवड्याच्या कमाईच्या चतुर्थांशाच्या आसपास. नेक्स्ट ह्या कपड्यांच्या दुकानांनींहि तोच मार्ग धरला. पण लस न घेतलेला नोकर खरोखरच कोव्हिडनें आजारी पडला तर त्याला पेढीचा पूर्ण आजारपगार मिळेल, अशी सोय ठेवली. आजाराची गैरहजेरी आणि संपर्काची गैरहजेरी ह्यांतला भेद ह्या कापडवाल्यांनीं चांगला ओळखला, असें म्हणावें लागतें. जर्मनींतहि सरकार विलगीकरणांतील बुडालेल्या वेतनाची भरपाई करीत असे. ती लस न घेतलेल्यांपुरती १ नोव्हेंबर २०२१ पासून बंद झाली, आणि तेथेंहि वैद्यकीय कारण असलेल्यांना वगळलें होतें.

ह्या नियमाचें समर्थन करतां येईल. जें टाळतां येतें तें टाळलें नाहीं, तर त्याचा खर्च दुसऱ्यानें कां भरावा? सहा जणांच्या रागाला हें उत्तर थंडावा देणारें आहे, ह्यांत शंका नाहीं. पण दुकानाच्या दाराशीं उभे राहून पाहिलें तर निराळेंच दिसतें. ज्याला दर महिन्याला घरभाडें द्यावयाचें आहे तो मनुष्य, आपला मुलगा खोंकूं लागला आहे हें सांगावयास आतां धजेल काय? संपर्क सांगितला तर दीड आठवड्याची बहुतेक कमाई गेली. न सांगितला तर कोणास कळणार आहे? म्हणजे ज्या गैरहजेरीवर सहकारी रागावलेले होते ती कदाचित् कमी होईल, पण तिच्या जागीं येईल ती हजेरी अधिक धोक्याची. शेजारी बसलेला मनुष्य रोग घेऊन आला आहे, आणि तो तसा आला ह्याचें कारण आपणच त्याच्या पगारावर टाकलेला डोळा, ही अदलाबदल कोणत्याहि कचेरीला फायद्याची नाहीं. इंग्लंडच्या सरकारला हें मुळांत ठाऊक होतें. सप्टेंबर २०२० मध्यें विलगीकरण कायद्यानें सक्तीचें करतांनाच त्यानें कमी उत्पन्नाच्या लोकांस ५०० पौंडांची मदत देऊं केली होती. घरीं बसण्याची किंमत कोणीतरी दिली नाहीं तर लोक घरीं बसणार नाहींत, हा त्यांतला व्यवहार.

नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस ओमायक्रॉन आला, आणि सगळा पायाच हलला. दोन डोसांनीं गंभीर आजार टळण्याचें संरक्षण बरेंचसें टिकलें. पण लागणच होऊं नये हें संरक्षण फार घटलें. तिसऱ्या डोसानें तें कांहीं काळ भरून येई. लस घेतलेलेहि धडाधड आजारी पडूं लागले, आणि त्यांच्याहि खुर्च्या रिकाम्या दिसूं लागल्या. १४ डिसेंबरपासून लस घेतलेल्या संपर्कितांनीं सात दिवस रोज तपासणी करावी असें इंग्लंडच्या सरकारनें सुचविलें. लस न घेतलेल्यांचे दहा दिवस मात्र तसेच राहिले. १७ जानेवारी २०२२ पासून तर मोठी मौज झाली. ज्याला प्रत्यक्ष रोग झाला होता तो, दोन तपासण्या निर्दोष आल्यास, पांच पूर्ण दिवसांनंतर बाहेर पडूं शके. आणि ज्याला रोग झालाच नव्हता, केवळ संपर्क झाला होता, तो लस न घेतलेला निरोगी मनुष्य दहा दिवस घरांतच! अशा वेळीं "तो पुन्हां गैरहजर" असें म्हणतांना गैरहजेरी कोणाची हें विचारण्याची गरज होती. ती त्याची होती कीं मागें पडलेल्या नियमाची? २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं विलगीकरणाची कायदेशीर सक्तीच इंग्लंडांत उठली, आणि हा प्रकारच संपला.

ह्याच इंग्लंडानें पूर्वीं एकदां अगदीं उलट मार्ग चोखाळून पाहिला होता, आणि त्याची हकीकत आपल्या विषयाला नेमकी लागू पडते. देवीची लस लहान मुलांस टोंचणें तेथें १८५३ सालीं सक्तीचें झालें. लेस्टर शहरांतल्या कामकरी लोकांनीं ह्या सक्तीस कसून विरोध केला. दंड भरले, तुरुंगवास पत्करला, आणि २३ मार्च १८८५ रोजीं हजारोंच्या संख्येनें प्रचंड मिरवणूक काढली. पण शहराला देवीच्या रोगापासून वांचवावयाचें तर होतेंच. तेव्हां तेथल्या नगरपालिकेनें एक पद्धत बसविली: देवी दिसल्या कीं तत्काळ वर्दी द्यावयाची, रोग्यास रुग्णालयांत हलवावयाचें, घर व कपडे निर्जंतुक करावयाचे, आणि घरांतल्या संपर्कितांस विलगवासांत ठेवावयाचें. लक्ष देण्याजोगी गोष्ट पुढें आहे. ह्या विलगवासामुळें ज्यांचें काम बुडे त्यांना पालिका नुकसानभरपाई देई. लस न घेतलेल्या मनुष्याचें घरीं बसणें ही त्याची चैन आहे, अशी त्या शहराची समजूत नव्हती. शहराला त्याच्याकडून कांहीं हवें होतें, आणि जें हवें होतें त्याची किंमत शहर मोजीत होतें. ह्या पद्धतीचा मी कैवारी नाहीं. देवीचा रोग तोंडावर दिसतो आणि सावकाश पसरतो. कोव्हिड लक्षणें दिसण्यापूर्वींच दुसऱ्याला लागतो. शिवाय भोंवतालच्या देशांत पुष्कळांनीं लस घेतली होती, त्याचा लाभ लेस्टरला मिळत होता, हें विसरतां येत नाहीं. पण पैशाच्या बाबतींत ते लोक आपल्यापेक्षां अधिक रोखठोक होते.

आपल्याकडे ह्याच्या उलट टोंकाची कल्पना जुनी आहे. १८९६ मध्यें मुंबईंत प्लेग शिरला. वाल्देमार हाफकिन ह्यांनीं मुंबईसच प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःला टोंचून घेतली. पुढें मुंबई इलाख्यांत ही लस घेतलेल्यांस दाखले देऊन प्लेगच्या कांहीं निर्बंधांतून सूट देण्याची पद्धत पडली. दाखला असेल त्याला वाट मोकळी, नसेल त्यानें अडकावें, ही रीत म्हणजे एकविसाव्या शतकाचा शोध नव्हे.

२०२१ मध्यें तिनें मुंबईंत जें रूप घेतलें तें मात्र मुंबईचें स्वतःचें होतें. कारण मुंबईंत कचेरीचें खरें दार स्टेशनावर असतें. १५ ऑगस्ट २०२१ पासून सामान्य प्रवाशाला लोकल गाडी उघडली, पण दोन्ही डोस घेऊन चौदा दिवस झाल्याचा दाखला असेल तरच. हा आपला तिसरा प्रकार, बंद दाराचा. आतां थोडा हिशेब करा. महाराष्ट्रांत लशीच्या टंचाईमुळें १८ ते ४४ वर्षांच्या लोकांचें लसीकरण मे महिन्यांत थांबवावें लागलें होतें, तें जूनच्या उत्तरार्धांत पुन्हां सुरू झालें. कोव्हिशील्डच्या दोन डोसांत तेव्हां किमान १२ आठवड्यांचें, म्हणजे ८४ दिवसांचें, अंतर ठेवावें लागे. त्यावर आणखी चौदा दिवस. असे ९८ दिवस झाले. कल्याणचा तीस वर्षांचा कारकून जूनच्या शेवटच्या दिवसांत रांगेंत उभा राहून पहिला डोस घेऊन आला, तरी लोकलचा पास हातीं पडावयास ऑक्टोबर उजाडे. तोंवर रस्त्यानें यावें तर वेळ व पैसा दोन्ही कितीतरी पट लागत. हा मनुष्य लशीच्या विरुद्ध नव्हता. तो लशीची वाट पाहत होता. कचेरींत मात्र त्याची गणना "लस न घेतलेल्यांत" झाली. आधींपासून डोस मिळालेले वयस्क सहकारी वेळेवर येऊन बसत आणि तरुण मंडळींच्या सबबींवर डोकें हालवीत.

स्त्रियांच्या बाबतींत तर ह्याहून नाजूक गोष्ट होती. गरोदर स्त्रियांस लस देण्याची परवानगी भारतांत २ जुलै २०२१ रोजीं मिळाली. त्यापूर्वीं त्यांनीं मागितली तरी ती मिळत नसे. जिला नुकतेच दिवस गेले आहेत ती ही बातमी तीन-चार महिने आपल्या माणसांखेरीज कोणास सांगत नाहीं, आणि सहकारी विचारणार, "बाई, तुम्हीं लस कां नाहीं घेतली?" खरें सांगावें तर घरची गोष्ट चव्हाट्यावर येते, गप्प बसावें तर अडाणी ठरावें. तिनें कोणती निवड करावी हें ठरविण्याचा अधिकार कचेरींतल्या चहाच्या टेबलाला नाहीं. इंग्लंडांत लस घेतली कीं नाहीं ही माहिती वैयक्तिक आरोग्यविषयक माहिती म्हणून कायद्यानें राखली आहे, ती अशाच कारणांसाठीं.

सक्तीचा हात पगारापर्यंत आपल्याकडेहि पोंचला. नोव्हेंबर २०२१ मध्यें ठाणें महानगरपालिकेनें पहिलाहि डोस न घेतलेल्या आपल्या नोकरांचा पगार रोखण्याचें ठरविलें. पुढें २ मे २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें जेकब पुलियेल ह्यांच्या खटल्यांत निकाल दिला. आपल्या शरीरावरील मनुष्याचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमांत येतो, म्हणून कोणालाहि बळजबरीनें लस टोंचतां येणार नाहीं, असें न्यायालयानें सांगितलें. पण त्याबरोबर हेंहि सांगितलें कीं, सार्वजनिक आरोग्यासाठीं व्यक्तीवर निर्बंध घालतां येतात. मात्र त्यांना कायद्याचा आधार हवा, त्यांची खरी गरज हवी आणि ते गरजेच्या प्रमाणांत हवेत. लस न घेतलेल्यांकडून लस घेतलेल्यांपेक्षां रोग अधिक पसरतो असें दाखविणारी माहिती आपल्यापुढें आलेली नाहीं, म्हणून त्या वेळचे निर्बंध प्रमाणशीर नाहींत, तेव्हां सरकारांनीं व खासगी संस्थांनीं त्यांचा फेरविचार करावा, असें न्यायालयानें सुचविलें. महाराष्ट्रांतील निर्बंध त्याच्या महिनाभर आधीं, एप्रिल २०२२ च्या आरंभीं, उठलेच होते. हा निकाल कोव्हिडच्या लशीपुरता होता. तो इतर सर्व लशींना लावून दाखविणारे लोक मला भेटतात, ते निकाल न वाचतां बोलतात.

न्यायालयाची ती कसोटी कचेरीच्या प्रमुखालाहि उपयोगी पडण्यासारखी आहे. कारकून वारंवार गैरहजर राहतो अशी तक्रार आली, तर त्यानें प्रथम ही गैरहजेरी तिघांपैकीं कोणती, हें पाहावें. आजाराची असेल तर आजाराच्या रजेचे जे नियम इतरांस तेच त्यालाहि. संपर्काची असेल तर त्याला घरीं बसविणारा नियम आजच्या वैद्यकीय ज्ञानावर उभा आहे कीं सहा महिन्यांपूर्वींच्या, हें कोणा जाणत्या वैद्याला विचारावें. बंद दाराची असेल तर दार उघडतां येतें काय, निदान काम दाराबाहेर नेतां येतें काय, तें पाहावें. चौकशी त्यानें एकट्यानें, बंद खोलींत, एकदांच करावी आणि उत्तर आपल्यापाशीं ठेवावें. इतर सहा जणांस लशीचें कारण कळण्याची गरज नाहीं. त्यांना कळावयास हवें तें एवढेंच कीं, उद्यां टपाल कोण पाहणार आणि जादा कामाचा मोबदला किती मिळणार. माझा असा अनुभव आहे कीं, ह्या दोन प्रश्नांचीं उत्तरें वेळेवर मिळालीं म्हणजे तिसऱ्याच्या दंडाकडे कोणी फारसें वळून पाहत नाहीं.

लशीवरून नोकरांत भेद करूंच नये, असें मात्र कोणीं ह्यावरून समजूं नये. गोंवराची गोष्ट घ्या. गोंवराच्या लशीचे दोन डोस सुमारें ९७ टक्के संरक्षण देतात, आणि तें वर्षांनुवर्षें टिकतें. उलट, लस न घेतलेला व पूर्वीं गोंवर न झालेला मनुष्य रोग्याच्या खोलींत आला तर त्याला तो जवळजवळ लागणारच. म्हणून अमेरिकेंतील रुग्णालयांसाठीं असा दंडक आहे कीं, संरक्षणाचा पुरावा नसलेल्या परिचारिकेचा गोंवराच्या रोग्याशीं संपर्क झाला, तर पहिल्या संपर्कानंतरच्या पांचव्या दिवसापासून शेवटच्या संपर्कानंतरच्या एकविसाव्या दिवसापर्यंत तिला कामावर घ्यावयाचें नाहीं. एकाच दिवसाचा संपर्क असला तरी सतरा दिवस! तिच्या हाताखालीं तान्हीं मुलें असतात, रक्ताच्या कर्करोगाचे रोगी असतात. त्यांच्या जिवाशीं कोणाचें मत तोलतां येत नाहीं. हा नियम गरजेला धरून आहे आणि ज्ञानाला धरून आहे. त्याच्याविरुद्ध मला कांहीं म्हणावयाचें नाहीं.

चांगल्या रुग्णालयांतून ह्या सतरा दिवसांचा प्रश्न सहसा उद्भवूं देत नाहींत. परिचारिका नोकरीवर रुजू होते त्याच वेळीं तिच्या लशींचे दाखले पाहिले जातात. दाखला नसेल तर रक्त तपासतात, आणि संरक्षण नाहीं असें दिसलें तर तिला लस देऊं करतात. त्या दिवशीं रोगी आलेला नसतो, रजा पडलेली नसते, कोणाचें काम कोणाच्या अंगावर गेलेलें नसतें. तिनें नाहीं म्हटलें, तर तान्ह्या मुलांच्या वार्डाऐवजीं तिला कोठें नेमावें, हें ठरविण्यास पुरेसा वेळ हातांत असतो.